जायफळाचे सात वेढे

आवाज जरा बारीक ठेवते हां, आत झोपलेत. तुम्ही असं इकडं खिडकीपाशी बसा, वारं येतं. तर सुरुवातीपासनं सांगा म्हणताय, तर माझं माहेर वाघोलीकडचं. आता तिथं कॉलेजं आन् इमारती झाल्यात, तवा ज्वारी व्हायची, आन् नगर रोडला एखादी मोटार दिसली की आम्ही पोरं हातातलं टाकून बघायला पळायचो. नाव चंद्रभागा, पण चंद्रभागा म्हणून मला कुणी कधी हाक मारली न्हाई, माहेरी भागी, सासरी भागा, आन् पेठेत भागामावशी. लग्न करून आले धायरीला. धायरी तवा निव्वळ गाव व्हतं, पुण्याला जायचं तर माणूस दोन दिवस आधी सगळ्यांना सांगत फिरायचा. शेती व्हती, खाणारी तोंडं बारा व्हती, आन् माझ्या सासूबाई पेठांत बाळं न्हाऊ घालायला जायच्या. बाळंतिणीला तेल लावायचं, शेक द्यायचा, बाळाचं मालिश करायचं, पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची आन् दुपट्यात घट्ट गुंडाळून आईपाशी द्यायचं. पहिल्या बसनं निघायचं, स्वारगेटला उतरायचं, तिथनं पुढं पायी. लग्नाला तीन महिने झाले नसतील तर मला म्हणाल्या चल. मी म्हणलं मला काय येतंय त्यातलं. तर म्हणाल्या, दोन हात हायेत ना, मंग येईल.

आलं, पण लगेच न्हाई आलं. पहिलं वर्षभर त्यांनी मला बाळाला हात लावू दिला न्हाई. पाणी तापव, विसण घाल, पंचा धर, एवढंच. मला लई राग यायचा. घरी आल्यावर कणकेच्या गोळ्यावर माझ्याकडनं अंगठे फिरवून घ्यायच्या, म्हणायच्या, पीठ चेपायचं न्हाई, पिठाला काय म्हणायचंय ते ऐकायचं. मी म्हणायचे पीठ काय बोलतंय. तर म्हणायच्या, हाताला कान असत्यात, भागे, बाळाला बोलता येत न्हाई म्हणून तर देवानं आपल्याला हे काम दिलं. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

आन् पहिलं बाळ माझ्या पायावर दिलं ते सदाशिव पेठेत. मी पाटावर बसले, पाय लांब केले, बाळ पायावर आडवं घेतलं आन् भीतीनं एवढं जपून पाणी घालायला लागले की त्या घरच्या आजी दारात उभ्या राहून म्हणाल्या, अहो बाई, तुळशीला पाणी घालताय का? आता पेठेतल्या बायका कशा बोलत्यात ते तुम्हाला मी काय सांगू. त्यांनीच माझी भाषा निम्मी सुधारली, निम्मी तशीच राह्यली, म्हणून मी अशी धेडगुजरी बोलते. पण बोलल्या म्हणून कुणी मला काढलं न्हाई. उलट ज्या बाळाला मी न्हाऊ घातलं त्याच्या बाळाला पण मीच न्हाऊ घातलंय, अशी घरं हायेत माझ्याकडं. चाळीसच्या वर वर्षं झाली. किती बाळं झाली ते मोजलं न्हाई, मोजायचं नसतं ते, पण हात चांगला हाय माझा, आन् हे मी चारचौघांत सांगते, लाजत न्हाई. माझ्या पायावरनं उतरलेलं बाळ तीन तास हलायचं न्हाई. आया म्हणायच्या, मावशी, तुम्ही येता तेवढंच आम्हाला जेवण शांतपणे जातं.

आता गुटीचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच हाय. न्हाऊन झालं की बाळाला गुटी द्यायची. सहाणेवर, म्हणजे आपला गंध उगाळायचा दगड, त्याच्यावर आईचं दूध न्हाईतर उकळलेलं पाणी थेंबभर घ्यायचं आन् एकेक मुळी उगाळायची. वेखंड, हळकुंड, हिरडा, मुरडशेंग, खारीक, बदाम, आन् शेवटी जायफळ. कशाचं किती ते वेढ्यावर. मुळी दगडावर गोल एकदा फिरवली की एक वेढा. बदामाचे दहा घाला, काही व्हत न्हाई, पण जायफळाचे दोन. झोपेसाठी असतंय ते. सासूबाई मला म्हणल्या व्हत्या, तिसरा वेढा घातलास तर बोटं मोडीन. आन् मी कधी घातला न्हाई. लोकांच्या बाळांना न्हाई घातला, हे नीट ऐका.

माझी सहाण सासूबाईंची. ती पण त्यांना त्यांच्या सासूनं दिलेली. उगाळून उगाळून मधी खड्डा पडलेला आन् दगड असा गुळगुळीत झालेला की बोट ठेवलं की घसरतंय. ती कायम माझ्या पिशवीत, कामाला जाताना बरोबर.

तर आता गार्गीकडं येते, माझ्या नातीकडं. मालक गेले, शेतात इमारती आल्या, आन् आम्ही आमच्याच वावरात उभ्या राह्यलेल्या या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. मी खालनं वर बघते आन् म्हणते, इथं आमचा कांदा व्हता. निलेश माझा एकुलता एक. त्याची बायको अश्विनी, सांगलीकडची, शिकलेली, हिंजवडीला कंपनीत. पोरगी गुणाची हाय. सरळ हाय. तोंडावर बोलती, मागं बोलत न्हाई, आन् मला तशी माणसं आवडत्यात. ती गरोदर राह्यली तवा तिच्या मैत्रिणी काय काय पुस्तकं देत व्हत्या, तर ती म्हणाली, मला पुस्तकं कशाला, माझ्या घरात भागामावशी आहेत. मला किती बरं वाटलं सांगू.

आन् पोरगी झाली आन् पोरगी झोपंना.

काय सांगू तुम्हाला. पाऊण तास झोपायची की उठली. परत पाऊण तास, परत उठली. रडायची, पाय आपटायची, घ्या म्हणायची, घेतलं की ठेवा म्हणायची. दोन महिन्याची झाली, पाच महिन्याची झाली, लोक म्हणायचे सहा महिने झाले की झोपतात, सहा झाले, आठ झाले. अश्विनीची सुट्टी संपली, कंपनीची बस सकाळी साडेसातला नाक्यावर यायची, आन् ती बिचारी डोळे तांबारलेले घेऊन बसमधी चढायची. एकदा बसमधी झोप लागली तर स्टॉपच गेला, दुसऱ्या कंपनीच्या दारात उतरली. आम्ही हसलो तवा, पण ती हसली न्हाई. आन् मी दुपारी पेठेत दुसऱ्यांची बाळं तीन तीन तास झोपवून यायचे आन् घरी ही. दिव्याखाली अंधार म्हणत्यात तो माझ्याच घरात. शेजारच्या बायका तोंडावर बोलायच्या न्हाईत पण बघायच्या माझ्याकडं.

मंग सुरू झाले उपाय. मी तेल बदललं, खोबऱ्याचं लावत व्हते ते तिळाचं केलं, तिळाचं केलं ते बदामाचं केलं. टाळूवर तेल भरलं. दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या-मिरच्या, मिरच्यांचा ठसका आला न्हाई म्हणजे दृष्ट व्हती म्हणायचं, तर ठसका आला न्हाई. मंग दृष्ट तर उतरली म्हणायची, पण झोप काही आली न्हाई. निलेशनं कुणाला तरी इचारून पाळणा फिरवला, डोकं दक्षिणेला पाहिजे म्हणे. त्याच्यासाठी कपाट हलवावं लागलं, कपाट हलवताना फरशी तडकली, आन् पोरगी दक्षिणेला डोकं करून रडायला लागली. अश्विनीनं बाटली मागवली, कसल्या तरी जांभळ्या फुलाचं तेल, उशाशी थेंब टाकायचे. वास चांगला व्हता, मला झोप लागली. मंग ती मोबाइलवर एक आवाज लावायची, नुसतं खर्र खर्र, मी म्हणलं हे काय, तर म्हणाली आईच्या पोटात असा आवाज येतो म्हणून बाळं शांत होतात. मी म्हणलं मी इतकी पोटं चोळली, गिरणीचा आवाज येणारं एक पण न्हाई बघितलं.

खालच्या मजल्यावर शेख भाभी हायेत, त्यांची तिन्ही पोरं माझ्या पायावरनं गेलेली. त्यांचा जीव तुटायचा. त्यांनी मौलानांकडनं दुआ पढलेलं पाणी आणून दिलं, म्हणाल्या मावशी, दोन थेंब जिभेवर लावा. लावलं. तर काय, त्या दिवशी पोरगी सलग सहा तास झोपली. अश्विनी, मी, भाभी, तिघी आनंदानं रडलो. दुसऱ्या दिवशी परत पाऊण तास. भाभी म्हणाल्या, मावशी, वो तो थक गयी होगी. त्या पण सरळ बोलणाऱ्या.

मंग होमिओपॅथीचे एक डॉक्टर. त्यांनी तासभर प्रश्न इचारले. बाळाला ऊन सोसतं का, आभाळ गडगडलं की रडतं का, आईला गरोदरपणात स्वप्नं कसली पडायची. अश्विनी म्हणाली, झोप लागत होती तेव्हा स्वप्नं पडायची, आता आठवत नाहीत. साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. पोरीला त्या लई आवडायच्या, डबी दिसली की चिमणीसारखी चोच उघडायची. झोप न्हाई आली, गोळ्यांची गोडी लागली.

आन् आमची नेहमीची बाळांची डॉक्टरीण, तिला पण दाखवलं व्हतं. ती म्हणाली वजन ठीक आहे, पण एकदा रक्त तपासून घेऊ. आता इथं माझी पहिली चूक. मी म्हणलं, एवढ्याशा जिवाला सुई टोचून रक्त काढायचं? झोप येत न्हाई म्हणून? मी अश्विनीला म्हणलं, मला पंधरा दिवस दे, माझ्या हातावर भरोसा ठेव. आन् तिनं ठेवला. तिनं तपासणीचा कागद फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवला आन् माझ्यावर भरोसा ठेवला.

त्याच आठवड्यात तिनं मला एक वस्तू आणली. म्हणाली, आई, तुम्ही ती जड सहाण रोज पिशवीतून नेता आणता, घरासाठी ही वेगळी ठेवा. नवी कोरी सहाण, गोल, पांढरट, खाली लाकडाची चकती, बरोबर गुटीची डबी. सुनेनं आपली एवढी आठवण ठेवली म्हणून मी ती देवापुढं ठेवून हळद-कुंकू लावलं. आन् मंग तिच्यावर उगाळायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी दोन वेढे. पोरगी सव्वा तास झोपली. मला वाटलं, हां, लागू पडतंय. काय कळलं न्हाई मला तवा, तर नवा दगड खरखरीत असतो. जुन्यावर दोन वेढ्यात जेवढं निघायचं त्याच्या तिप्पट-चौपट नव्यावर एका वेढ्यात निघत व्हतं. माझ्या डोळ्याला ते दिसत व्हतं, लेप दाट यायचा, पण मी म्हणलं जायफळ ताजं हाय, तेलकट हाय. वेढे मोजायची सवय, ती आपली वेढेच मोजत बसली. आन् तिसऱ्या दिवशी मी तिसरा वेढा घातला. बोटं मोडायला सासूबाई नव्हत्या. दोन दिवसांनी चार. पंधरा दिवसांतले अकरा संपले व्हते तवा पाच घातले. कुणाला सांगितलं न्हाई. का न्हाई सांगितलं म्हणाल, तर मला जिंकायचं व्हतं. त्या मोबाइलच्या खर्र खर्रला, त्या जांभळ्या तेलाला, त्या रक्ताच्या कागदाला, सगळ्यांना मला दाखवायचं व्हतं की भागामावशीचा हात तो हात. लोकांच्या बाळांना मी कधी तिसरा वेढा घातला न्हाई, आपल्याला घातला, कारण आपलं व्हतं.

तेराव्या दिवशी रविवार व्हता. गार्गी अकरा महिन्यांची. सकाळी न्हाऊ घातली, धुरी दिली, आन् सात वेढे घातले. दहा वाजता पोरगी झोपली. अकरा वाजले, बारा वाजले. अश्विनी दारातनं बघून आली आन् माझ्या गळ्यात पडली. म्हणाली आई, मी पण पडते. निलेश पण झोपला. एक वाजला, दोन वाजले. मी वाघोलीला बहिणीला फोन करून सांगितलं, म्हणलं चार तास झाले, बघ. तीन वाजले. मी म्हणलं भूक लागली असंल, उठवावं. उचलली, तर मान मागं गेली. ओला पंचा उचलावा तशी आली हातात. गाल लालबुंद, ओठ कोरडे, श्वास हाय पण हाक मारली तर डोळा उघडंना. गालावर टिचकी मारली, तळव्याला नख लावलं, न्हाई. मी अश्विनीला हाक मारली ती हाक मला अजून ऐकू येती.

सिंहगड रोडला एका दवाखान्यात नेली. तिथं तपासायला घेतलं, ताप आहे का, पडली का, फिट आली का. एक तरुण डॉक्टर व्हती, केस बांधलेले, वय अश्विनीएवढं. ती म्हणाली कारण कळत नाही, डोक्याचा फोटो काढावा लागेल, मेंदूला सूज असेल तर पाठीतून सुई घालून पाणी काढून तपासावं लागेल. सही करा. आन् मंग तिनं अश्विनीला इचारलं, आज काय काय दिलं बाळाला? अश्विनी म्हणाली दूध, आणि काल रात्री भात. औषध? नाही. दुसरं काही? नाही, काहीच नाही. रोजची गुटी सांगायची तिला सुचलीच न्हाई, ती तिच्या हिशोबी आंघोळीतच धरलेली. निलेशनं सहीला पेन घेतलं.

मी भिंतीला टेकून उभी व्हते. खोटं कशाला सांगू, पोरीच्या आधी मला माझं नाव आठवलं. मला सगळी घरं दिसली, सगळ्या पेठा, सगळ्या आया. त्यांना कळलं तर माझ्या पायावर कोण बाळ देईल. आन् अश्विनी, जिनं तो कागद फ्रिजवर लावून ठेवला. मंग मला ती सुई दिसली, एवढ्याशा पाठीत. जी मी रक्तासाठी दंडात जाऊ दिली न्हाई, ती आता माझ्यामुळं पाठीत जाणार व्हती. पेठेत शिकलेलं सगळं माझ्या जिभेवरनं गळून पडलं. मी म्हणलं, थांबा. म्या दिलंय. जायफळ दिलंय. सात येढं.

ती डॉक्टर ओरडली न्हाई. तिनं इचारलं, सात वेढे म्हणजे किती? मी म्हणलं सात. ती म्हणाली, हो, पण एक वेढा म्हणजे किती? चिमूटभर? अर्धा चमचा? आन् मला सांगता येईना. चाळीस वर्षं मी वेढे मोजले आन् एका वेढ्यात किती येतं ते मला ठाऊक नव्हतं. अश्विनी माझ्याकडं बघत व्हती. मी म्हणलं निलेश, घरी जा, दोन्ही सहाणा घेऊन ये. तो गाडीवर गेला आन् दोन्ही दगड घेऊन आला. डॉक्टरनं जुन्या दगडावर बोट फिरवलं, मंग नव्या दगडावर फिरवलं. आन् तिनं मान हलवली. मला पण तवाच कळलं, तिच्या बोटाकडं बघून. तिनं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, दोघांनी परत तपासलं, जायफळाचा अंमल हाय असं त्यांना पटलं, आन् म्हणाले पाठीची सुई आत्ता नको. सलाईन लावली, छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं, आन् लक्ष ठेवायचं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पोरीनं पाय हलवला, मंग तोंड वाकडं केलं आन् अशी रडली, अशी रडली की सगळा वॉर्ड जागा झाला. अकरा महिने ज्या रडण्यावर आम्ही उपाय केले ते रडणं ऐकायला आम्ही तिघं रात्रभर जागलो व्हतो. मी देवाला हात जोडले. म्हणलं रड बाई, हवं तेवढं रड.

आन् त्या घेतलेल्या रक्तातच कारण निघालं. पोरीच्या अंगात लोह लई कमी व्हतं. तरुण डॉक्टर म्हणाली, लोह कमी असलं की काही बाळं झोपेत सारखे पाय झाडतात, नीट झोप लागत नाही, ही पाय मारायची का? आन् मी पोरीच्या पायावर हात ठेवला. कारण मारायची. रोज माझ्या हातात मारायची. मालिश करताना मांड्या-पिंढऱ्या हातात सापडायच्या न्हाईत, सारखी वळवळ, सारखी झाडझाड, आन् मी काय म्हणायचे, बघा, पायात कसली ताकद हाय, पळण्यात नंबर काढणार माझी बाय. हाताला कळलं व्हतं. माझ्या हातानं रोज सांगितलं मला, आन् मी तोंडानं त्याचं कौतुक करून टाकलं. सासूबाई असत्या तर त्यांनी बोटं न्हाई, कान मोडले असते माझे.

घरी आलो. रिक्षात अश्विनीनं पोरीला माझ्याकडं दिलं न्हाई. तिनं कंपनीतनं सुट्टी घेतली. आन् दुसऱ्या दिवशी पोरीला स्वतः न्हाऊ घातली, प्लास्टिकच्या टबमधी. मी बाहेर हॉलमधी बसलेली. मला आवाजावरनं कळायचं, पाणी गार झालंय, पाठ उघडी राह्यलीय, साबण डोळ्यात गेलाय. चाळीस वर्षं लोकांच्या पोरांना न्हाऊ घालणारी मी, आन् माझ्या नातीच्या न्हाणीघराचं दार लावलेलं. मी उठले न्हाई. आत बोलावल्याशिवाय जायचं न्हाई, हे मी ठरवलं व्हतं. माझं चुकलं व्हतं, त्याला दुसरं नाव न्हाई.

लोहाचे थेंब सुरू झाले, नाचणी, खजूर, पालेभाजी सुरू झाली. झोप काही एका दिवसात आली न्हाई. पाऊण तासाचा दीड झाला, दीडाचे अडीच झाले. दोन महिन्यांनी एका सकाळी आमच्या सगळ्यांच्या आधी मीच उठले आन् घर एवढं शांत व्हतं की मी घाबरून पाळण्यापाशी गेले, नाकापुढं बोट धरलं. श्वास नीट व्हता. पाय एकदम शांत. नुसती झोपली व्हती.

त्याच दिवशी अश्विनी न्हाणीघरातनं बाहेर आली, बाह्या ओल्या, पोरगी कडेवर, आन् माझ्यापुढं उभी राह्यली. म्हणाली, आई, तुम्ही खरं सांगितलंत म्हणून हिच्या पाठीत सुई गेली नाही, ते मी विसरले नाही. आधी सांगितलं नाहीत, तेही विसरले नाही. उद्यापासून आंघोळ तुम्ही घाला. मी शेजारी बसणार. मी म्हणलं बस. आन् ती बसली. रोज. बादली उपडी करून तिच्यावर बसायची आन् माझ्या हातांकडं बघायची. मी कधी म्हणले न्हाई की जा. तिला बघायचा हक्क व्हता, आन् मला दाखवायची गरज व्हती.

आन् मी काम सोडलं का? न्हाई सोडलं. का सोडू? माझा हात चांगलाच हाय. पण गुटी बंद. कुणी कितीही म्हणू दे, तोंडात घालायचं ते डॉक्टरला इचारून. मी पेठेत प्रत्येक घरी जाऊन स्वतः सांगितलं, लोकांकडनं कळण्याआधी. माझ्या पिशवीत आता दोन्ही सहाणा असत्यात, जड होत्यात, पण नेते. नवी आई असली की तिला म्हणते फिरव बोट, हिच्यावर फिरव, आता हिच्यावर फिरव. आन् मंग सांगते काय झालं ते. आन् बाळाच्या पायाकडं बघते, हातात वळवळ जास्ती लागली तर सांगते, बाई, रक्त तपासून घे. दोघी-तिघींचं निघालं पण तसं. दोन घरांनी मला काढलं, त्यांचं बरोबर हाय, मी वाईट वाटून घेतलं न्हाई. आन् सदाशिव पेठेतल्या एक काकू, ज्यांची दोन्ही पोरं माझ्या गुटीवर वाढली, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आन् म्हणाल्या, म्हणजे आमची मुलं नशिबानंच उठली म्हणायची. उद्या वेळेवर या, नातवाला पाणी तापवून ठेवते.

तुम्ही पण फिरवा बोट. हां, ही जुनी. आन् ही नवी. कळलं ना?

आता गार्गी पाच वर्षांची हाय, शाळेत गेली, झोपती अशी की उठवताना नाकी नऊ येत्यात. आन् दीड महिन्यापूर्वी अश्विनीला दुसरा झाला, मुलगा. पहिल्या दिवशी मी पाटावर बसले, पाय लांब केले आन् वाट बघितली. मला वाटलं ती आता बादली उपडी करील. म्हणून मीच बादली तिच्याकडं सरकवली. तर तिनं बाळ माझ्या पायावर ठेवलं, बादली होती तिथं ठेवली आन् म्हणाली, आई, आंघोळ झाली की उठवा मला. आन् गेली आत.

देव तुमच्या घरातल्या लेकरांना झोप देवो, आन् न्हाई दिली तर तिचं कारण लवकर सापडू दे, एवढंच म्हणते. मला आता काही कमी न्हाई. आज पण तसंच झालं, न्हाऊन झालं, बाळ गुंडाळून तिच्या कुशीत ठेवलं. उठवायचं ठरलं व्हतं, पण मी उठवलं न्हाई. म्हणून म्हणलं आवाज बारीक ठेवते, बाळाचं काही न्हाई, ते आता ढोल वाजवला तरी उठायचं न्हाई. त्याची आई झोपलीय.